पायाचे घड्याळ

मी कविता लिहितो. आम्हा कवींच्या लेखी शरीरात मान असतो तो हृदयाचा आणि डोळ्यांचा. पायाकडे फारसे कुणी पाहत नाही. आज मात्र मी पायाविषयी बोलणार आहे. पायापर्यंत रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या, त्यांच्यावरच्या शस्त्रक्रिया आणि करोनाच्या साथीत या रुग्णांच्या वाट्याला काय आले, हा माझा विषय आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, भाषेत रमणारा माणूस आहे. हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या मामूंच्या पायाने चालत माझ्या घरी आला.

मामू तालुक्याच्या गावी शिलाईकाम करतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकच मशीन, पायाने चालवायचे. मधुमेह जुना आणि बिडी त्याहून जुनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत त्यांना करोना झाला, पण सौम्य. ताप आला, खोकला झाला, आणि घरच्या घरी उतारही पडला. साधारण दहाव्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाआधी ते वुजू करत होते. वुजू म्हणजे नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुणे. उजवा पाय धुऊन झाला. डावा पाय धुताना तो हाताला गार लागला. पहाटेचे पाणी गारच असते, असे म्हणून मामूंनी मन समजावले. दुपारी पोटरी दुखू लागली. संध्याकाळी बोटे बधिर झाली. मामींनी तेल चोळले, गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. रात्री मला फोन आला. मामू म्हणाले, "बेटा, पाँव मेरा अपना नहीं लगता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घेऊन निघालो. ते दिवस तुम्हा सर्वांना आठवत असतील. पहिल्या ठिकाणी खाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी, आधी करोनाच्या चाचणीचा अहवाल आणा, म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी रक्तवाहिन्यांचे सर्जन नव्हते. मी कुणाचे नाव घेत नाही, कारण त्या आठवड्यात सारेच धापा टाकत होते. शेवटी ज्या सर्जनपाशी पोहोचलो, त्यांनी मामूंच्या पायाला हात लावला, घोट्याजवळची नाडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाय गार कधी पडला? दिवस नको, वेळ सांगा." आम्ही हिशेब केला. तीस तास होऊन गेले होते.

वेळ कशासाठी विचारली, ते मला नंतर कळले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी त्या डॉक्टरांना जमेल तेवढे प्रश्न विचारले. पुढे वर्ष-दोन वर्षे जे मिळेल ते वाचत राहिलो. त्यातले जे मला नीट समजले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त महाधमनीतून पोटात उतरते. तिथे तिच्या दोन फांद्या होतात, एकेका पायाला एकेक. जांघेत ही धमनी साधारण पेन्सिलीएवढी जाड असते. गुडघ्यामागून पोटरीत उतरता उतरता ती बारीक होत जाते आणि तिला फाटे फुटतात. ही वाट अचानक बंद झाली की त्या पायापुरते एक घड्याळ सुरू होते. आधी नसा हार मानतात, म्हणून बधिरपणा येतो. मग स्नायू मरू लागतात. पाय पूर्ण अडला असेल तर वाचवण्यासाठी हाताशी साधारण सहा तास असतात, असे डॉक्टर मानतात. जुन्या आजारात रक्ताने आडवाटा तयार केल्या असतील तर थोडी सवड मिळते. पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

वाट बंद होते ती बहुधा रक्ताच्या गुठळीने. गुठळी का होते, याचे उत्तर शोधणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्चो यांचे नाव घेतले जाते. तीन कारणे सांगितली जातात. रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्तच दाट, गोठण्याकडे कलणारे होणे. करोनाच्या रुग्णात ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. माणूस दिवसेंदिवस अंथरुणाला खिळलेला, म्हणून प्रवाह मंद. शरीरभर दाह उसळलेला, म्हणून रक्त गोठण्याच्या वाटेवर. आणि तिसरे अस्तर. मामू शिंपी असल्यामुळे हा शब्द मला लगेच समजला. कोट वरून धड दिसतो, पण आतून अस्तर विरले की तो टिकत नाही. झुरिचच्या संशोधकांनी २०२० च्या एप्रिलमध्येच दाखवून दिले की हा विषाणू वाहिन्यांच्या अस्तरातील पेशींपर्यंतही पोहोचतो आणि तिथे दाह होतो. करोना हा फुप्फुसाचा आजार, असे आपण म्हणत होतो. तो रक्तवाहिन्यांचाही आजार होता.

हे सर्वांत आधी ज्यांना आपल्या डोळ्यांनी पाहावे लागले, त्यांत उत्तर इटलीतील लोम्बार्डी या प्रांताचे सर्जन होते. २०२० च्या फेब्रुवारीच्या शेवटी तिथे साथ उघड झाली आणि मार्चमध्ये बेर्गामो आणि ब्रेशा ही शहरे तिच्या तडाख्यात सापडली. ब्रेशातील एका रुग्णालयाच्या रक्तवाहिनी विभागाने आपल्या नोंदी तपासल्या. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत तिथे १६३ रुग्ण आले होते. त्यांपैकी अचानक पाय अडलेले फक्त ३. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत १४१ पैकी २३. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नव्हते, ते सोळा झाले. त्यांतल्या २० जणांना करोना होता. त्यांचे सरासरी वय ७५, आणि १८ पुरुष.

आता शस्त्रक्रियेचे काय झाले ते पाहा. अडलेली धमनी मोकळी करण्याची एक रीत आहे. अमेरिकेतील थॉमस फोगार्टी यांनी तरुण वयात एक बारीक नळी बनवली आणि १९६३ साली ती वैद्यकापुढे आणली. नळीच्या टोकाला छोटा फुगा. पहिला फुगा त्यांनी सर्जनच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचा केला होता. मासे पकडण्याच्या गळाला कृत्रिम माशी बांधण्याची त्यांना सवय होती, त्याच कौशल्याने त्यांनी तो नळीला बांधला. फुगा न फुगवता नळी गुठळीच्या पार सरकवायची, पलीकडे गेल्यावर फुगवायची आणि अलगद मागे ओढायची. गुठळी फुग्याबरोबर बाहेर येते. मोरीची नळी साफ करावी तसेच हे काम, फक्त नळी जिवंत असते. या साध्या युक्तीने जगभर असंख्य पाय वाचले आहेत.

ब्रेशाच्या त्या २० रुग्णांपैकी १७ जणांवर शस्त्रक्रिया झाली. पायात रक्त पुन्हा नीट खेळू लागले ते १२ जणांच्या. अनुभवी सर्जनांच्या अपेक्षेपेक्षा हे यश कमी होते. आणि २० पैकी ८ जण रुग्णालयातच दगावले. कारण असे की मोठी वाट साफ केली तरी पुढच्या केसासारख्या बारीक वाटा गच्च भरलेल्या. रक्तही असे की साफ केलेल्या जागी पुन्हा गुठळी धरायची. त्या डॉक्टरांना एक गोष्ट दिसली. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर हेपारिन हे गुठळीरोधक औषध शिरेतून सतत दिले गेले, त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली नाही. वीस रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. पण अंधारात चाचपडणाऱ्याला भिंत सापडावी तेवढा आधार त्यातून मिळाला.

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की रुग्णालयात दाखल, पण अतिदक्षता विभागात न गेलेल्या करोना रुग्णांना हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा होतो. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना मात्र तो होत नाही. म्हणजे इथेही वेळच निर्णायक. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत जवळजवळ १५ हजार रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन तपासले गेले. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्याकडे तेव्हा 'डी-डायमर' हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायचा आणि लोक रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायचे. ते किती चुकीचे होते, हे यावरून कळते.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल की मग दोष विषाणूचाच. मलाही बरेच दिवस तसे वाटत होते. मग माझ्या वाचनात इटलीतलेच दुसरे शहर आले. दक्षिणेकडचे नेपल्स. पहिल्या लाटेत उत्तरेच्या मानाने तिथे संसर्ग बराच कमी होता. पण टाळेबंदी साऱ्या देशाला सारखीच होती. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाने मधुमेहामुळे पाय बिघडलेल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. २०१९ मध्ये दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी शंभरात सुमारे १८ जणांना पायाचा काही भाग गमवावा लागला होता. २०२० च्या टाळेबंदीत ते प्रमाण शंभरात ६० झाले. तिपटीहून अधिक. रुग्ण थोडे आले, पण जे आले ते पाय काळा पडल्यावर आले. बाह्यरुग्ण विभाग बंद होते, नेहमीची तपासणी थांबली होती आणि दवाखान्यात जाऊन करोना घेऊन येऊ, ही भीती घराघरांत होती.

या दोन शहरांच्या आकड्यांत मला साथीची पूर्ण गोष्ट दिसते. ब्रेशात पाय घेतले ते विषाणूने. नेपल्समध्ये पाय घेतले ते उशिराने. विषाणूवर कुणाचा ताबा नव्हता. उशिरावर थोडा तरी होता.

थोडा म्हणतो, कारण डॉक्टरांपुढचा पेच खरा होता. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या त्या निष्काळजीपणाने नव्हेत. २०२० च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा अभ्यास आला. कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेल्या १,१२८ रुग्णांचा तो हिशेब होता. त्यांतले २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. जवळजवळ चौघांतला एक. निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली होती. हे वाचल्यावर कोणता सर्जन सहज सुरी हातात घेईल? केवळ रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांपुरता एक आंतरराष्ट्रीय अभ्यासही झाला. त्यात १,१०३ शस्त्रक्रियांची नोंद होती आणि शंभरात अकरा रुग्ण रुग्णालयातच गेले. नेहमीच्या काळापेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते.

म्हणून रुग्णांची वर्गवारी करणे भाग होते. पोटातल्या महाधमनीला कधी कधी फुगा येतो. तो फुटला तर माणूस बहुधा वाचत नाही. पुरुषांत हा फुगा साडेपाच सेंटिमीटरचा झाला की शस्त्रक्रिया करतात. साथीत ही मर्यादा कुठे साडेसहा, कुठे सात सेंटिमीटरवर नेली गेली. ज्यांचा फुगा सहाचा होता, त्यांनी ते महिने पोटात काय घेऊन काढले असतील, याची कल्पना करा. चालताना पोटरी दुखते अशांना थांबवले, ते योग्यच होते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना डायालिसिससाठी हातातली वाहिनी जोडून द्यावी लागते, त्यांना फार काळ थांबवता येत नव्हते. आणि अचानक अडलेल्या पायाला तर तासभरही थांबवता येत नाही.

इथेच सारी मेख आहे. काही रुग्ण थांबू शकतात, काही थांबू शकत नाहीत. आपत्ती येते तेव्हा दोघे एकाच रांगेत उभे केले जातात आणि रांग तर हलत नाही. लोम्बार्डीत हे लवकर ओळखले गेले. तिथल्या प्रशासनाने रक्तवाहिन्यांच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी मोजकी रुग्णालये नेमून दिली आणि बाकीच्यांनी असे रुग्ण थेट तिथेच पाठवायचे, असे ठरवले. रुग्णाला दारोदार फिरावे लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही मामूंना घेऊन फिरलो त्या दिवशी असा एक पत्ता आम्हाला कुणी सांगितला असता, तर पुष्कळ वेळ वाचला असता.

पुढे एक गोष्ट नक्की कळली, ती ज्यांची शस्त्रक्रिया थांबू शकते त्यांच्यासाठी. ११६ देशांतील १ लाख ४० हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०२१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. करोना न झालेल्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दीड टक्का होते. करोना होऊन दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते चार टक्क्यांवर होते. सहा आठवड्यांपर्यंत ते तसेच चढे राहिले आणि सात आठवड्यांनंतर पुन्हा दीड टक्क्यावर आले. ज्यांची लक्षणे तेव्हाही गेली नव्हती त्यांना मात्र धोका अधिक होता. ज्याला थांबता येते त्याने सात आठवडे थांबावे, हा धडा त्यातून मिळाला. पण गार पडलेला पाय सात आठवडे काय, सात तासही थांबत नाही.

मामूंच्या डॉक्टरांनी प्रयत्न सोडला नाही. अंगावर ते संरक्षक पोशाख, डोळ्यांवर चष्मा, त्यावर वाफ धरलेली, अशा अवस्थेत त्यांनी जांघेतून फुग्याची नळी घातली आणि गुठळ्या काढल्या. रात्री पाय थोडा गरम झाला. मामींनी दुआ मागितली. पहाटे पाय पुन्हा गार पडला. तिसऱ्या दिवशी मामूंचा जीव वाचवण्यासाठी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. मरू लागलेल्या स्नायूंतून विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला, हृदयाला धोका होतो. म्हणून पाय ठेवण्याचा हट्ट धरता येत नाही.

मी डॉक्टरांना विचारले, "वेळेत आलो असतो तर?" ते जरा थांबून म्हणाले, "वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. ते दिवसच तसे होते. पण उशीर झाला नसता तर माझ्या हातात काहीतरी राहिले असते." त्यांच्या या उत्तराइतके प्रामाणिक उत्तर मी फार कमी ऐकले आहे.

त्या दिवसांत वाचलेली आणखी एक गोष्ट मामूंना सांगितली, तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी हसले. तुटलेल्या रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने जोडण्याची रीत अलेक्सी कॅरेल या फ्रेंच सर्जनने बसवली आणि त्यासाठी त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी बारीक शिवण शिकायला ते ल्यों शहरातल्या भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेले होते. मामू म्हणाले, "मतलब ये भी अपनेच बिरादरी का काम है." आज मामूंच्या मशीनला विजेची मोटर आहे. कृत्रिम पाय लावून ते दुकानात बसतात. बिडी सुटली. ती मात्र फार महाग किंमत देऊन सुटली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ५ मे रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ सरली, पण पायाचे घड्याळ सरलेले नाही. मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके, यांपैकी काहीही असलेल्या माणसाचा पाय आजही अडू शकतो, आणि त्यासाठी साथीची गरज नाही. रक्तवाहिन्यांचे सर्जन आजही बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत. म्हणून जाता जाता डॉक्टरांनी मला सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हाला सांगतो.

पाय अचानक दुखू लागला, फिका पडला, दुसऱ्या पायापेक्षा गार लागला, बधिर झाला किंवा बोटे हलेनाशी झाली, तर तो अशक्तपणा नव्हे, वात नव्हे. पाय शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि रक्त नसलेली कातडी लगेच भाजते. तेल लावून चोळू नका. उशीवर उंच ठेवू नका, कारण चढणीवर रक्त आणखी कमी पोहोचते. सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. रुग्णालयात निघण्यापूर्वी विचारून घ्या की तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का. आणि पाय किती वाजता गार पडला, ते कागदावर लिहून बरोबर न्या. तुम्हालाही पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.

मामूंना त्या पहाटे त्यांच्या हाताने खरी बातमी दिली होती. हाताने सांगितले, मनाने ऐकले नाही. आपल्या घरांत पाय धुण्याची रीत कोणत्या ना कोणत्या निमित्ताने असतेच. कुणी नमाजाआधी धुतो, कुणी देवळात जाण्याआधी, कुणी शेतातून घरी आल्यावर. ते पाणी ओतताना रोज एकदा दोन्ही पायांवरून हात फिरवा. दोन्ही सारखेच उबदार लागले तर आभार माना. एक गार लागला, तर घड्याळ पाहा आणि निघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)